तीन रुपयांची तिकिटं

आमच्या गावच्या पोस्टात एक वीट होती. भाजकी, पक्की, एक कोपरा उडालेली. टेबलावर शिक्क्याच्या शेजारी ती ठेवलेली असायची आणि मास्तर तिला ट्रान्झिस्टर म्हणायचे. पेपरातली जाहिरात कापून घेऊन कुणी आलं, हे मला व्ही.पी.नं मागवायचंय म्हणालं, की मास्तर हातातला शिक्का खाली ठेवायचे. वीट उचलून त्याच्या हातात द्यायचे.

"धर. आधी वजन बघ."

वीट खरंच टपालानं आलेली होती. गावातल्या एका बागायतदारानं जाहिरात बघून रेडिओ मागवला. व्ही.पी.चा कायदा असा की आधी पैसे भरायचे, मग दोरा कापायचा. त्यानं पैसे भरले, दोरा कापला, आणि आतल्या गवतातून ही निघाली. त्यानं ती पोस्टाच्या पायरीवर आपटली, तेव्हा कोपरा उडाला. मास्तरांनी ती उचलून पुसून टेबलावर ठेवली ती ठेवलीच. नंतर दाढीच्या सामानाऐवजी आलेला लाकडाचा ठोकळा आणि घड्याळाऐवजी आलेली साबणाची वडीही त्यांनी जमवली, पण विटेचा मान वेगळा.

मी मास्तर म्हणतोय ते पोस्टमास्तर. शाळेतल्या मास्तरांशी माझं तिसरीतच वाकडं आलं आणि मी पुन्हा तिकडं गेलो नाही. पाटी सुटली ती सुटली. पण हात चालतो. माझं सायकलचं दुकान पोस्टाला लागून, मधे एक भिंत. पंक्चर, ओव्हरऑईल, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणं. शुगर फॅक्टरीच्या पाळीवर जाणारी सगळी चाकं माझ्या हाताखालून गेलेली. आमचं गाव देवळाली प्रवऱ्याच्या अंगाला, कालव्याच्या कडेला. मास्तर मूळचे पुणतांब्याचे. त्यांनी पोस्टासाठी दोन खोल्या धरल्या होत्या. पुढच्या खोलीत सरकार आणि मागच्या खोलीत मास्तर. बायको लवकर गेलेली, मूल नाही. सरकारशीच संसार केला म्हणायचा.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू. सकाळी ते शिक्क्यातली तारीख बदलायचे. चिमट्यानं कालचा आकडा काढून आजचा बसवायचा, कोऱ्या कागदावर एक ठसा मारायचा, चष्म्यातून बघायचा आणि म्हणायचं, "हां. आता उजाडलं." त्याच्या आधी कुणी पायरी चढला, तर बाहेरच थांबवायचे, अजून काल चालू हाय म्हणून. तिकिटाला जीभ लावलेली त्यांना खपायची नाही. नारळाच्या करवंटीत ओलं फडकं ठेवलेलं असायचं, त्यावर तिकीट टेकवायचं आणि कडेला सरळ ओळीत चिकटवायचं. पण लिहायची ती जांभळी पेन्सिल मात्र स्वतःच्या जिभेवर ओली करायचे. त्यामुळं त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला कायमचा जांभळा डाग होता. लहान पोरं म्हणायची, मास्तर जांभळं खाऊन आले.

पत्त्यात पिन कोड नसला, तर त्यांना घास गोड लागत नसे. पिन कोड न्हाई म्हंजे घराला दार न्हाई, म्हणायचे, आणि पुस्तकात बघून जांभळ्या पेन्सिलीनं स्वतः लिहायचे. लग्नसराईत लोक पत्रिकेच्या लिफाफ्यात अक्षता घालायचे. मास्तर लिफाफा कानाशी हलवून बघायचे. आत खळखळ झाली की उघडून अक्षता काढायला लावायचे. चार दाण्यांनी वजन वाढतं, पत्रिका नॉटपेड होते आणि पाहुण्याला मांडवात यायच्या आधीच दंड बसतो. एका घरच्यांनी ऐकलं नाही. त्यांचे पाहुणे लग्नात जेवायला बसले ते आधी दंडाचं बोलूनच.

आणि त्यांचा काटा. पितळेचा, लहान, दोन पारड्यांचा, वजनं मखमलीच्या खोबणीत. वजनाला बोट लावायचे नाहीत, चिमट्यानं उचलायचे. काटा स्थिर होईपर्यंत स्वतः श्वास धरायचे आणि समोरच्यालाही धरायला लावायचे. पोस्टात पंखा होता, पण वजन चालू असताना बंद. उन्हाळ्यात लोक घामानं निथळत उभे आणि मास्तर काट्याच्या जिभेकडं बघतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

गावातल्या कुणाची मनीऑर्डर आली, कुणाच्या पोराचं पत्र बंद झालं, कुणाला कोर्टाची नोटीस आली, सगळं त्यांच्या हातातून जायचं. पण विचाराल तर एकच उत्तर. "टपालातलं टपालात." आमच्या चावडीवर बसणाऱ्यांनी त्यांना चहा पाजून, तंबाखू मळून देऊन बघितलं. चहा प्यायचे, तंबाखू खायचे आणि उठायचे.

मनीऑर्डर आली की मात्र दार अर्धं लोटून घ्यायचे आणि खालच्या कुपनावरचा मजकूर ज्याचा त्याला हळू आवाजात दोनदा वाचून दाखवायचे. पैसे त्यानंतर. वाचता येणाऱ्यालासुद्धा सुटका नव्हती. पैसे कुनीबी धाडतो, मजकूर ऐक, म्हणायचे. ही त्यांची रीत ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता नॉटपेडचं सांगतो, कारण माझं पाप तिथंच आहे. तिकीट कमी लावलं की पत्र नॉटपेड होतं आणि घेणाऱ्याला कमी पडलेल्याच्या दुप्पट भरावं लागतं. आमच्याकडं एक समजूत होती, साधं पत्र हरवेल पण नॉटपेड हरवणार नाही. कारण सरकारला त्यात दुप्पट मिळायचं असतं, म्हणून सरकार ते जिवापाड जपतं. कितीतरी जण महत्त्वाचं पत्र मुद्दाम कमी तिकिटं लावून टाकायचे. मीही त्यातलाच. मास्तर मला म्हणाले होते, "पोचतं रे गड्या, पन दारात पोचतं. घरात घ्यायचं का न्हाई, ते त्याच्या हातात." मी हसण्यावारी नेलं.

माझ्या घरात एका तापानंतर बायकोचे कान मंदावले. दोन वर्षांत इतके, की मी दुकानातून हाक मारली तर अर्ध्या गावाला ऐकू जायची, तिला सोडून. लोक तिच्याशी बोलायचे टाळायला लागले. हातवारे करायचे, नाहीतर मोठ्यानं ओरडून हसायचे. मीही ओरडायचो, खोटं कशाला बोलू. फक्त मास्तर तिच्यासमोर येऊन उभे राहायचे, चष्मा वर करायचे आणि सावकाश, ओठ नीट हलवून बोलायचे. वहिनी, आज भाजी काय केली. तिला त्यांच्या ओठांवरून कळायचं. ती म्हणायची, त्या जांभळ्या डागामुळं ओठाकडंच लक्ष राहतं.

तेव्हा मी पेपरात जाहिरात बघितली. कानाचं यंत्र, व्ही.पी.नं घरपोच, पटलं नाही तर पंधरा दिवसांत पैसे परत. कापून घेऊन पोस्टात गेलो. मास्तरांनी वीट पुढं केली. मी म्हणालो, "मास्तर, ठिवा ती खाली. मी बेअरिंगचा छर्रा डोळ्यानं पारखनारा मानूस हाय."

"छर्रा दिसतो रे. पेटीतलं दिसत न्हाई."

मी ऐकलं नाही. माझा स्वभावच तसा, आणि त्याचं मूळही सांगतो. आमच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी घरात सांगितलं की इथून पुढं कुणापुढं हात पसरायचा नाही, कुणाचं फुकट घ्यायचं नाही आणि कुणी वाकायला सांगितलं तर वाकायचं नाही. बापानं दिलेलं हे सोनं. पण मला ते कुठं घालायचं ते कळलं नाही, मी ते सगळ्याच ठिकाणी घातलं. कुणी शहाणपणाचं सांगितलं तरी मला ते वाकायला सांगितल्यासारखं वाटायचं.

यंत्र आलं. मी पैसे भरले, दोरा कापला, मास्तर माझ्यापेक्षा जास्त वाकून बघत होते. वीट नव्हती. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, त्याला वायर, वायरीला कानात घालायचं बोंड. मास्तरांचा चेहरा उजळला. पण घरी घातलं तर ते शिट्टी मारायला लागलं. बायकोनं माझ्याकडं बघून चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी वायर काढून माझ्या गळ्यात घातली.

"हे तुमीच घाला," म्हणाली. "ऐकायची गरज तुमाला हाय."

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की नगरला कानाचा चांगला डॉक्टर आहे. पण यंत्रात अडकलेले पैसे सुटले तरच नगर गाठता येणार होतं. पंधरा दिवसांतले सात गेलेले. यंत्र परत पाठवायचं ठरवलं.

मास्तरांनी सोबत आलेला अटींचा कागद पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. मग मला वाचून दाखवलं, की परत पाठवायचं तर रजिस्टर टपालानंच पाठवायचं आणि नॉटपेड आलं तर कंपनी घेणार नाही. पंखा बंद केला, पुडकं काट्यावर ठेवलं, श्वास धरला. रजिस्टरसकट चौदा रुपये सांगितले.

चौदा रुपये तेव्हा माझ्याकडं होते. नव्हते असं नाही. पण आधी विटेचा सल्ला, मग अटी, मग चौदा रुपये, आणि बाकावर तीन-चार जण बसून ऐकतायत. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, एवढ्याशा यंत्राला चौदा रुपये लागतच नाहीत, तुमचा काटाच जड दाखवतो.

 मास्तरांनी चिमटा खाली ठेवला.

"काटा खोटा म्हन्लास?"

"म्हन्लो."

त्यांनी पुडकं उचलून माझ्याकडं सरकवलं आणि पंखा चालू केला. 

मी ते पुडकं किराणा दुकानात नेलं. त्याच्याकडं पन्नास ग्रॅमच्या खालचं वजन नव्हतं. त्यानं हातावर झेलून अंदाजानं सांगितलं, काही नाही हो, हलकं आहे. मला तेवढंच ऐकायचं होतं. मास्तरांकडची तिकिटं घ्यायची नाहीत म्हणून सायकल मारत देवळालीला गेलो आणि तीन रुपयांची आणली. थुंकी लावून वाकडीतिकडी चिकटवली. कमी पडली तर पडली, नॉटपेड हमखास पोचतं, ही समजूत होतीच. दुपारी मास्तर जेवायला मागच्या खोलीत गेले, तेव्हा पोस्टाच्या लाल पेटीच्या तोंडात पुडकं कोंबलं. बसत नव्हतं, अंगठ्यानं रेटलं.

अठराव्या दिवशी मनीऑर्डर आली. पूर्ण रक्कम, काही न कापता.

मास्तरांनी मला भिंतीवर टकटक करून बोलावलं. माझी सही घेतली, पैसे दिले. कुपन हातात धरून थोडं बघितलं आणि माझ्यापुढं केलं. दार लोटलं नाही, वाचून दाखवलं नाही.

"तू वाचतोस की," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी असं कुणालाच म्हटलं नव्हतं. मला वाटलं, माणूस नरमला. आपला मान ठेवला. कुपनावरचं अक्षर बारीक आणि गिचमिड, मला त्यातलं काही लागलं नाही. पण मी डोळे फिरवले, मान हलवली आणि कुपन खिशात घातलं. वर म्हणालो, "बघा मास्तर. तीन रुपयांत गेलं."

"गेलं," ते म्हणाले आणि दुसऱ्या पत्रावर शिक्का मारला.

नगरच्या डॉक्टरनं तपासलं. एक कान कामातून गेलेला, पण दुसरा औषधानं सुधारण्यासारखा. सुधारलाही. दोन-तीन महिन्यांत ती मागच्या घरातून माझी हाक ओळखायला लागली.

पण मी तोवर जिंकण्याच्या नशेत होतो. दुकानात येईल त्याला सांगायचो. मास्तर चौदा म्हणत होता, मी तीनमध्ये घातलं, पोचलं, पैसेही परत आले. मग सांगा, काटा कुणाचा खोटा. लोकांना करमणूक झाली. पोरं पोस्टात जाऊन, मास्तर हे लिंबू मोजा, ही गोटी मोजा म्हणायला लागली. बायाबापड्या पत्र हातात धरून विचारायच्या, मास्तर, नीट मोजलं ना. ज्या माणसानं आयुष्यभर श्वास धरून मोजलं, त्याला हे विचारायचं. ते नुसते चिमटा पुढं करायचे आणि म्हणायचे, तूच ठेव वजन.

मग कुणीतरी मला डिवचलं, एवढं खरं असेल तर वर खात्याकडं तक्रारीचा अर्ज दे. डिवचलं की मी थांबत नाही. एका कॉलेजच्या पोराकडून अर्ज लिहून घेतला आणि खाली माझी सही केली. ती सही करताना मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

टपाल खात्याचे साहेब तपासणीला आले. पोस्टापुढं माणसं जमली. साहेबांनी त्यांची वजनं काढून काटा तपासला. केसाचा फरक निघाला नाही. मी म्हणालो, काटा खरा, तर माझं पुडकं तीन रुपयांत गेलं कसं. साहेबांनाही तो प्रश्न पटला. कमी तिकिटाचं पुडकं नॉटपेडचा शिक्का न मारता पुढं गेलं, म्हणजे पोस्टमास्तरची चूक. त्यांनी मास्तरांना विचारलं, हे कसं गेलं.

मास्तर माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. काटा स्थिर व्हायची वाट बघताना बघायचे, तसं.

"गेलं साहेब," म्हणाले. "नजरचूक झाली."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला. मास्तरांनी वाचून खाली सही केली. उभ्या नोकरीतला तो त्यांचा पहिला शेरा, हे मला नंतर कळलं. जमलेले लोक हळूहळू पांगले. मी दुकानात येऊन उगाच एक चांगली ट्यूब काढून पाण्यात बुडवत बसलो.

त्यानंतर मास्तरांनी मला नावानं हाक मारली नाही. पोस्टकार्ड घ्यायला गेलो की म्हणायचे, या अर्जदार. आवाज नेहमीसारखाच, कुचका नाही. म्हणून जास्त लागायचं. आणि लागलं की मी दुकानात बसून आणखी बोलायचो. एक दिवस असाच बोलत होतो, की मास्तरला काय, सरकारच्या जिवावर काटा घेऊन बसलाय, हाडाचा खोटा माणूस. मागच्या दारात बायको उभी होती. मला वाटलं तिला कुठं ऐकू येतंय. सवय जुनी.

गिऱ्हाईक गेल्यावर ती पुढं आली. "मास्तरांना तुमी असं बोलता व्हय? एवढे दिवस ऐकू येत नव्हतं, तेच बरं हुतं."

आत निघून गेली. नंतर दोन दिवस मी हाक मारली, तर ऐकू येऊनही बोलली नाही.

वर्षभरात मास्तरांनी राजीनामा दिला. मुदत भरायला थोडेच दिवस राहिले होते. पुणतांब्याला पुतण्याकडं जातो म्हणाले. सामान काय, एक ट्रंक आणि वळकटी. टेम्पो आला, तेव्हा ते माझ्या दुकानाच्या पायरीशी आले. हातात वीट होती. ती माझ्या लोखंडी पेटीवर ठेवली.

"हे ठेव. पुढं कुनी काय मागवायला निघालं, तर उचलून दे."

माझे हात घमेल्यातल्या पाण्यात, ट्यूबवर. मी मान हलवली, पण उठलो नाही. हात पुसून उठायला किती वेळ लागतो. ते थोडा वेळ थांबले, आत बघून म्हणाले, येतो वहिनी. तिला ऐकू आलं. ती धावत बाहेर आली आणि त्यांच्या पाया पडली. मी ट्यूबमधले बुडबुडे बघत होतो. त्या ट्यूबला पंक्चर नव्हतंच.

पुढं तीन-चार वर्षांनी लाईटचं बिल हरवलं, म्हणून मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा पालथा केला. त्यात ते कुपन निघालं. तोवर मला चष्मा लागला होता आणि पेपर अक्षर-अक्षर लावत वाचायची सवयही झाली होती. डब्याशेजारी बसून मी कुपन लावत गेलो. आपले, रजिस्टर, पार्सल, पावले. अटीप्रमाणे पूर्ण रक्कम परत. कळावे.

रजिस्टर या शब्दावर मी अडकलो. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बोट ठेवून लावला.

मी रजिस्टर केलं नव्हतं. पेटीत टाकून रजिस्टर होत नाही. खिडकीशी हातात द्यावं लागतं, पूर्ण तिकिटं लावावी लागतात, पावती फाडावी लागते. आणि आमच्या गावात पावती फाडणारा हात एकच होता.

सगळं डोळ्यांपुढं आलं. दुपारचं जेवून ते पेटी उघडतात, माझं वाकड्या तिकिटांचं पुडकं निघतं. कंपनी नॉटपेड घेणार नाही, हे त्यांनी स्वतः वाचलेलं. ते परत येणार, तोवर पंधरा दिवस सरणार आणि वहिनींचं नगर राहणार. मग ते पंखा बंद करतात, मोजतात, खिशातून अकरा रुपये काढतात, ओल्या फडक्यावर तिकिटं टेकवून माझ्या तिकिटांशेजारी सरळ ओळीत लावतात. मी पत्त्यात पिन कोड घातला नव्हता, तोही लिहितात. पेटीतलं पुडकं असं काढून दुसऱ्याच्या नावानं रजिस्टर करायचं, हे कायद्यात बसत नव्हतं. ज्या माणसानं चार अक्षता कधी सोडल्या नाहीत, त्यानं ते केलं. साहेबांसमोर रजिस्टरच्या पावत्यांची वही उघडून दाखवली असती, तर मी गावासमोर उघडा पडलो असतो. त्यांनी शेरा घेतला. टपालातलं टपालात ठेवलं. आणि कुपन का वाचून दाखवलं नाही, तेही कळलं. माझं कुणीतरी भरलंय हे मला कळलं असतं, तर मी ते पैसे त्यांच्या तोंडावर फेकले असते. माझा ताठा त्यांनी माझ्यापेक्षा बरोबर मोजला होता.

बायकोला सांगितलं.  ती म्हणाली, जा, भेटून या.

पुणतांबा काही लांब नाही. पण माझा पाय उचलेना. त्या दाराशी जाऊन म्हणायचं काय. म्हणून पत्र लिहिलं. जन्मात पहिल्यांदा, माझ्या हातानं. वहीची सात पानं, कारण माझं अक्षर मोठं आणि पाप त्याहून मोठं. पाकिटात कोंबलं, एक तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. मोजायचं डोक्यातच आलं नाही. इतकं सगळं होऊन मोजायचं डोक्यात आलं नाही, हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण तसंच झालं.

आठ-दहा दिवसांनी ते परत आलं. नॉटपेड. नवा पोस्टमन म्हणाला, बाबा, घेणाऱ्यानं घेतलं नाही, आता दंड तुम्हाला. मी पैसे दिले. पाकिटावर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वजन जास्त, तिकिटं कमी. परत." मागं माझं नाव होतं, म्हणजे कुणाचं पत्र ते त्यांना कळलं होतं. माझ्यासारख्यासाठीसुद्धा पदरचं भरणाऱ्या माणसानं माझं हे एक पत्र घेतलं नाही. मला वाटलं, झालं. त्यांनी मला शेरा दिला. मी पाकीट पेटीवर विटेखाली ठेवलं.

बायकोनं ते उचलून उलटसुलट बघितलं. तिला वाचता येत नाही. पत्त्याखालच्या जांभळ्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिवलंय?"

मी बघितलं. मी पिन कोड घातला नव्हता. पत्र परत धाडताना मास्तरांनी त्यांच्याच पत्त्याखाली तो लिहिला होता. तिला तसं सांगितलं.

"अवो," ती म्हणाली, "नको असलेल्या पत्राला कुनी आपल्या घराचं दार दाखवतं का?"

त्याच दिवशी नवं पाकीट आणलं. पोस्टात मोजून घेतलं, नव्या पोरानं पंखा बंद केला नाही म्हणून मीच उठून केला. पूर्ण तिकिटं लावली, ओल्या फडक्यानं, सरळ. पिन कोड त्यांच्या आकड्यांवरून उतरवला. ते पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. मी रोज उद्या जाऊ म्हणायचो.

वैशाखात पुणतांब्याचा एक गडी चाकाचा आउट काढायला थांबला. त्याला विचारलं. म्हणाला, ते पोस्टवाले का, ते तर चैतात गेले. चैताच्या सुरुवातीला का शेवटाला, ते त्याला सांगता येईना. माझं पत्र गेलं तेही चैतातच. मेलेल्याचं पत्र धाडणाऱ्याकडं परत येतं, हे मास्तरांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. माझं आलं नाही. मग त्यांनी ते घेतलं असेल. घेतलं, तर दोनदा वाचलं असेल. एवढ्यावर मी दिवस काढतो, पण हे कागदावरचं झालं. समोर जाऊन बोललो असतो, तर त्यांनी एकदा तरी मला माझ्या नावानं हाक मारली असती.

वीट पेटीवर आहे. पुणतांब्याची एस.टी. रोज सकाळी माझ्या दुकानावरून जाते. हात केला की थांबते.